मक्यावरचा बुरा झटकला, पण विष कुठं गेलं?

परतीच्या पावसानं येवल्याकडे दोन दिवस उसंत दिली नाही. तिसऱ्या दिवशी ऊन पडलं आणि मी आत्याकडे पोहोचले, तेव्हा ओट्यापासून रस्त्यापर्यंत ताडपत्र्यांवर मक्याची कणसं पसरलेली होती. मीही शेजारी बसून सोलायला लागले. एका कणसाच्या शेंड्याला, दाण्यांच्या दोन ओळींमधल्या फटीत, हिरवट-पिवळी पूड दिसली. हळद आणि वाळलेलं शेवाळ एकत्र कुटावं तशी. आत्यानं अंगठ्यानं पूड झटकली, शेंड्याचे पंधरा-वीस दाणे खुडले, ते गाईच्या टोपल्यात टाकले आणि कणीस ढिगात भिरकावलं.

"झालं. बुरा गेला, माल चांगला."

मी नाशिकला रसायनशास्त्र शिकवते. तरी त्या क्षणी आत्याला एका वाक्यात उत्तर देता आलं नाही. तिच्या त्या एका हालचालीत तीन समजुती होत्या: बुरशी झटकली की विषही जातं, दिसत नाही तिथं काही नसतं, आणि गाईला काही होत नाही. तिन्ही समजुती आपल्या जिल्ह्यात घरोघरी आहेत. इथेनॉलमुळे मक्याला मागणी आली, येवला-मालेगाव-नांदगावकडे मक्याचे ढीग वाढले, आणि बाजार समितीपासून पोल्ट्रीपर्यंत 'अफ्लाटॉक्सिन' हा शब्द कानावर पडू लागला. पण तो शब्द म्हणजे नेमकं काय, हे निवांत बसून कुणी सांगत नाही. आत्याला द्यायचं राहिलेलं उत्तर म्हणून हे लिहिते आहे.

बुरशी वेगळी, तिचं विष वेगळं

बुरशी हा जीव आहे. ती धाग्यांनी वाढते आणि आपल्याला दिसते ती पूड म्हणजे तिची बीजं. वाढताना काही बुरशी अशी रसायनं तयार करतात जी माणसाला किंवा जनावराला बाधतात. अशा रसायनाला बुरशीविष म्हणतात. मक्यावर आणि शेंगदाण्यावर येणाऱ्या अस्परजिलस फ्लेव्हस या पिवळट-हिरव्या बुरशीचं विष म्हणजे अफ्लाटॉक्सिन. 'अ', 'फ्ला' आणि 'टॉक्सिन' जोडून हा शब्द बनला आहे. त्याचे बी आणि जी असे प्रकार आहेत. अतिनील दिव्याखाली एक निळा चमकतो आणि दुसरा हिरवा, त्या रंगांच्या इंग्रजी नावांवरून ही अक्षरं आली. सगळ्यांत घातक बी-१.

चुलीतून धूर निघाला, भिंत काळी झाली, मग चूल विझवली. भिंत आपोआप पांढरी होत नाही. बुरशी आणि विष यांचं नातं तसंच आहे. बुरशी मेली, वाळली, झटकली, तरी तिनं दाण्यात सोडलेलं रसायन दाण्यातच राहतं. म्हणून काही वेळा दिसायला स्वच्छ दाण्यातही विष सापडतं, आणि काही वेळा भरपूर बुरशी असूनही विष नसतं, कारण सगळ्याच बुरशी ते बनवत नाहीत.

इथं एक जुना गोंधळ मिटवायला हवा. २०२१ च्या मे महिन्यात, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, कांद्याच्या सालीवरची काजळी म्हणजेच 'ब्लॅक फंगस' असे संदेश फिरत होते. कांदा चाळीत ज्यांचं आयुष्य गेलं त्यांनीही मला घाबरून फोन केले होते. म्युकरमायकोसिस हा संसर्ग आहे, म्हणजे त्यात बुरशी माणसाच्या अंगात वाढते, आणि ती बुरशी वेगळ्या कुळातली. कांद्यावरची काजळी बहुतेक वेळा अस्परजिलस नायजर असते. ती साल काढून, धुऊन टाकावी. आत काळेपणा उतरला असेल तर कांदा फेकावा. बुरशीविषात बुरशी आपल्या अंगात वाढत नाही. ती शेतात किंवा कोठारात वाढून गेलेली असते, आणि आपल्यापर्यंत पोहोचतं ते तिचं रसायन.

एवढासा रेणू करतो तरी काय?

रेणू म्हणजे पदार्थाचा तो सगळ्यांत लहान कण, ज्यात त्या पदार्थाचे गुण शिल्लक असतात. आपलं शरीर रेणूंच्या ओळखीपाळखीवर चालतं. इन्सुलिन स्वतःच्या जागी बसतं, प्राणवायू हिमोग्लोबिनवर बसतो, आणि हे सगळं आकारावरून ठरतं. हजार रेणूंच्या गर्दीत नेमका आपला कोणता, हे शरीर डोळ्यांनी पाहत नाही, चाचपून ओळखतं. अंधारात हात घालून किल्ली शोधावी तसं.

बुरशीविषांची ताकद या चाचपण्यातच आहे. ती ॲसिडसारखी दिसेल ते जाळत सुटत नाहीत. शरीरातल्या एखाद्या ठराविक रेणूच्या खाचेत ती बसतात, आणि म्हणूनच इतकं थोडं विष पुरतं. आपल्याकडे धान्यात एका किलोमागे १५ मायक्रोग्रॅम अफ्लाटॉक्सिन ही कायद्याची मर्यादा आहे. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. हिशेब करून पाहिला तर दहा क्विंटल मक्यात १५ मिलिग्रॅम, तांदळाच्या एका दाण्यापेक्षाही कमी. एवढं विष ट्रॉलीभर मक्यात विखुरलेलं असलं तरी माल मर्यादेवर येतो.

यकृतात घडणारी गोष्ट

आता मुख्य गोष्ट. ती मला दर वर्षी शिकवताना नव्यानं अस्वस्थ करते, कारण तिच्यात आपलंच शरीर आपल्या विरोधात कामाला लागतं.

अफ्लाटॉक्सिन बी-१ खाल्लं त्या क्षणी ते फारसं घातक नसतं. तो एक चपटा, काहीसा तेलकट रेणू. आतड्यातून रक्तात आणि रक्तातून यकृतात पोहोचतो. यकृताचं एक काम म्हणजे तेलकट, नको असलेली रसायनं पाण्यात विरघळतील अशी करून लघवीवाटे किंवा पित्तावाटे बाहेर काढणं. तेलकट कढई नुसत्या पाण्यानं निघत नाही, आधी तिला राख किंवा साबण लावावा लागतो. यकृत तसंच त्या रेणूला प्राणवायूचा एक अणू चिकटवतं. हे काम सायटोक्रोम पी-४५० नावाची एन्झाइम करतात. एन्झाइम म्हणजे शरीरातली रासायनिक कामं घडवून आणणारी प्रथिनं. हजारो औषधं आणि रसायनं या वाटेनं सुखरूप बाहेर जातात.

अफ्लाटॉक्सिनच्या बाबतीत मात्र तो प्राणवायू रेणूच्या एका टोकाला अशा ठिकाणी बसतो की दोन कार्बन आणि एक प्राणवायू मिळून तिकोनी कडं तयार होतं. अणूंना असं तिकोनात दाटीनं उभं राहायला आवडत नाही. ते कडं म्हणजे ताणून लावलेला उंदराचा सापळा, कशालाही स्पर्श झाला की फटकन उघडणारा. पाण्यात त्याचं आयुष्य जेमतेम एखाद्या सेकंदाचं असतं. त्या सेकंदात तो कुणाला भेटतो यावर पुढचं सगळं ठरतं.

पाण्याच्या रेणूला भेटला तर सापळा तिथंच उघडतो आणि मोठा धोका टळतो. ग्लुटाथायोन नावाच्या रेणूला भेटला तर तो त्याला बांधून बाहेर काढतो. ग्लुटाथायोन म्हणजे यकृतातला राखणदार. छोट्या उंदराच्या, म्हणजे इंग्रजीतल्या 'माउस'च्या यकृतात हे बांधण्याचं काम इतकं झपाट्यानं होतं की तो अफ्लाटॉक्सिन बऱ्यापैकी पचवतो. आपल्याकडे तो वेग नाही.

आणि तो डीएनएला भेटला तर? डीएनए ही पिळाची शिडी, आणि आपल्या पेशीचा सगळा मजकूर तिच्या पायऱ्यांवर लिहिलेला. अफ्लाटॉक्सिनचा रेणू चपटा असल्यामुळे दोन पायऱ्यांच्या मधे सरकतो, वहीच्या पानांत कागद सरकावा तसा. तिथं ग्वानिन नावाचं अक्षर शेजारीच असतं. सापळा उघडतो आणि ग्वानिनच्या एका नायट्रोजन अणूला कायमचा चिकटतो. पेशी दुरुस्ती करते, पुष्कळदा नीट करते. पण कधी कधी पेशी दुभंगताना मजकूर उतरवणारं यंत्र त्या जागी अडखळतं आणि ग्वानिनच्या जागी थायमिन लिहून मोकळं होतं.

एका अक्षरानं काय होतं? आपल्या पेशीत पी-५३ नावाचं एक प्रथिन असतं. बिघडलेल्या पेशीला थांबवणं हे त्याचं काम. १९९१ मध्ये चीनमधल्या छीदोंग भागातल्या आणि आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या यकृताच्या कर्करोगाच्या रुग्णांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा सापडली. त्यांच्या पी-५३ च्या जनुकात, २४९ व्या जागी, ग्वानिन जाऊन थायमिन आलेलं. त्या एका अक्षरामुळे प्रथिनातल्या एका घटकाची जागा दुसऱ्यानं घेतली आणि पी-५३ निकामी झालं. हे दोन्ही प्रदेश मका किंवा शेंगदाणा आणि दमट हवेचे, अफ्लाटॉक्सिन भरपूर पोटात जाणारे. मक्यावरच्या पुडीपासून जनुकातल्या एका अक्षरापर्यंत इतकी लांब वाट अशी स्पष्ट सापडणं दुर्मीळच. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था अफ्लाटॉक्सिनला माणसात कर्करोग घडवणारं म्हणून पहिल्या गटात ठेवते, ते उगाच नाही.

बाकीचे तोतये

प्रत्येक बुरशीविषाची खाच वेगळी. मक्यावरच्याच फ्युजेरियम बुरशीचं फ्युमोनिसिन हे पेशीच्या आवरणाला लागणाऱ्या एका चरबीसारख्या रेणूची हुबेहूब नक्कल करतं, आणि ते आवरण बनवणारं एन्झाइम त्यालाच धरून अडकून बसतं. १९९५ मध्ये दख्खनच्या पठारावरच्या काही गावांत पावसात भिजलेली ज्वारी आणि मका खाऊन लोकांना पोटदुखी आणि जुलाब झाले, ते याच विषानं. त्याच कुळातलं झिअरालेनोन स्त्रीसंप्रेरकाच्या खाचेत बसतं. डुकरांच्या माद्यांत त्याचे परिणाम ठळक दिसतात.

द्राक्षवाल्यांनी ओक्राटॉक्सिनचं नाव लक्षात ठेवावं. अवकाळी पावसात मणी तडकला की त्यात काळी अस्परजिलस शिरते, आणि तिच्या काही जाती हे विष बनवतात. भुरी आणि डाऊनी या द्राक्षावरच्या नेहमीच्या रोगांचा याच्याशी संबंध नाही. ओक्राटॉक्सिनच्या रेणूत फेनिलअलानिन हा प्रथिनाचा घटक जसाच्या तसा जोडलेला असतो, त्यामुळे प्रथिनं विणणाऱ्या यंत्रणेत ते घुसखोरी करू शकतं. रक्तात ते अल्ब्युमिन या प्रथिनाला इतकं घट्ट चिकटतं की निम्मं बाहेर पडायलाच महिन्याहून जास्त काळ लागतो. त्रास मूत्रपिंडाला. युरोपात वाइनमध्ये याची मर्यादा किलोमागे २ मायक्रोग्रॅम आहे, म्हणून वाइनसाठी तोडलेल्या घडातले तडकलेले, काळे पडलेले मणी काढून टाकण्याची मेहनत फुकट जात नाही.

बाजरीवरचा अरगट आपल्या जुन्या लोकांना पक्का माहीत होता. कणसातून मधासारखा चिकट द्रव येतो आणि मग दाण्याच्या जागी काळपट गाठी होतात. त्यातली रसायनं सेरोटोनिन या मेंदूत निरोप पोहोचवणाऱ्या रेणूसारखी दिसतात. खाणाऱ्याला मळमळ, उलट्या, गुंगी. पेरणीआधी १० लिटर पाण्यात २ किलो मीठ विरघळवून बियाणं त्यात ओतायचं, गाठी आणि पोचट दाणे वर तरंगतात. ते काढायचे आणि उरलेलं बी साध्या पाण्यानं धुऊन सावलीत वाळवायचं.

"पण पेनिसिलिन पण बुरशीचंच ना?"

हा प्रश्न वर्गात हमखास येतो आणि मला फार आवडतो. हो, बुरशीचंच. त्यात तर तसंच एक ताणलेलं कडं आहे, तिकोनाऐवजी चौकोनी. पेनिसिलिन जिवाणूच्या भिंतीच्या एका तुकड्यासारखं दिसतं, भिंत बांधणारं एन्झाइम त्याला धरतं, कडं उघडतं आणि एन्झाइम कायमचं जखडतं. भिंत अर्धवट राहिली की जिवाणू फुटतो. आपल्या पेशींना तशी भिंतच नाही, म्हणून ते आपल्याला औषध आणि जिवाणूला विष. कोलेस्टेरॉलवरची लोव्हास्टॅटिन ही गोळीसुद्धा अस्परजिलस कुळातल्याच एका बुरशीतून आली. रेणू कुणाच्या खाचेत बसतो, एवढाच फरक.

"भाकरी भाजली, आता काय राहणार?"

भाजल्यावर बुरशी मरते, रेणू टिकतो. अफ्लाटॉक्सिन बी-१ वितळायलाच सुमारे २६८ अंश सेल्सियस लागतात. कुकरमध्ये १२० अंशांच्या आसपास उष्णता असते, आणि तव्यावरच्या भाकरीच्या आत पाणी आहे तोवर शंभराच्या वर जात नाही. शेंगदाणे खरपूस भाजले तर काही भाग कमी होतो, सगळा जात नाही. दुधाचंही तेच, उकळून फरक पडत नाही.

तेलाचं विचारतात. शेंगदाणा गाळला की विषाचा बहुतेक भाग पेंडीत राहतो, आणि रिफाइंड करताना तेलातलं उरलंसुरलंही निघून जातं. घाण्याचं तेल वापरणाऱ्यांनी शेंगदाणा मात्र निवडलेलाच द्यावा. आणि पेंड जाते कुठं? गोठ्यात.

"गाईला घातलं तर काय बिघडलं?"

आत्याच्या टोपल्यातले ते पंधरा-वीस दाणे मला सगळ्यात जास्त सलले. गाईचं यकृतही बी-१ ला प्राणवायू चिकटवतं. त्यातला काही भाग दुसऱ्या जागी चिकटतो आणि एम-१ तयार होतो. हा एम म्हणजे दूध या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचं पहिलं अक्षर. विषारी चारा खाल्ल्यावर एक-दोन धारांतच तो दुधात दिसायला लागतो, आणि चारा बदलला की तीन-चार दिवसांत निघून जातो. खाल्लेल्या विषाचा फार थोडा हिस्सा दुधात येतो, पण ते दूध बाळं पितात. आपल्याकडे दुधातली मर्यादा किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम आहे, युरोपात तिच्या दशांश. देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०१९ मध्ये जाहीर केलेल्या दुधाच्या पाहणीत ६,४३२ नमुन्यांपैकी ५.७ टक्के नमुन्यांत एम-१ मर्यादेबाहेर निघालं. आपण दुधात पाणी आणि युरिया शोधत बसतो, तिथं हा आकडा पाहून मी गप्प झाले होते. एम-१ दुधातल्या केसिन या प्रथिनाला चिकटतं, त्यामुळे पनीरमध्ये ते दुधापेक्षा दाट होतं.

पोल्ट्रीवाले हे नुकसानीतून शिकले आहेत. त्यांच्या खाद्यात 'टॉक्सिन बाइंडर' असतो, म्हणजे बहुतेक वेळा बेंटोनाइट माती. मातीच्या पापुद्र्यांमध्ये चपटं अफ्लाटॉक्सिन सरकून अडकतं आणि विष्ठेतून बाहेर जातं. मात्र फ्युमोनिसिनसारख्या वेगळ्या आकाराच्या विषावर ही माती फारशी चालत नाही, आणि बाइंडर आहे म्हणून काळा मका खपवायचा हा विचार तर घातकच. इथेनॉल काढून उरलेला डीडीजीएस खाद्यात घालणाऱ्यांनी आणखी एक हिशेब ठेवावा. मक्यातला स्टार्च दारू होऊन निघून जातो, विष जात नाही. ते उरलेल्या मालात साधारण तिपटीनं दाट होतं.

"आमच्या आज्यानं हेच खाल्लं, नव्वद वर्षं जगला"

जगले, आणि त्यांचा मी अनादर करत नाही. पण त्यांच्या ताटात ज्वारी, बाजरी, नागली, डाळी आलटून पालटून होत्या. सगळ्या जेवणाचा भार एका भिजलेल्या मक्यावर पडतो तेव्हा काय होतं ते १९७४ मध्ये आपल्या शेजारीच दिसलं. गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा भागात कापणीच्या वेळी पाऊस झाला, मका बुरसला, आणि आदिवासी कुटुंबांकडे दुसरं धान्य नव्हतं. जवळपास ४०० जणांना कावीळ झाली, पोटात पाणी झालं, शंभरावर माणसं गेली. त्या घरांतली कुत्रीही तशीच मेली. त्याआधी १९६० मध्ये इंग्लंडात एक लाखाहून जास्त टर्की पक्षी मेले, आणि ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीचा माग काढता काढताच अफ्लाटॉक्सिन सापडलं होतं.

आपल्याकडे रोज घडतं ते एवढं उघड नसतं. थोडं थोडं, वर्षानुवर्षं. त्यात हिपॅटायटिस बी असेल तर यकृताच्या कर्करोगाचा धोका बेरजेनं नाही, गुणाकारानं वाढतो. म्हणून बाळाला जन्मल्यापासून २४ तासांत मिळणारी हिपॅटायटिस बीची लस हासुद्धा या विषावरचाच एक उपाय आहे.

आणि आज्या-पणज्यांची एक गोष्ट विज्ञानानं पुरती खरी ठरवली, ती म्हणजे निवडणं. शेंगदाण्यात विष सगळीकडे सारखं पसरलेलं नसतं. पोतंभर दाण्यांत मोजकेच दाणे प्रचंड विषारी असतात, आणि ते बहुधा सुरकुतलेले, डागाळलेले, कीड लागलेले असतात. एखादा संशयित दाणा सोलून दोन दळं वेगळी करून बघा. मधल्या पोकळीत, कोंबाच्या शेजारी, पिवळट-हिरवी भुकटी लपलेली सापडते. बाहेरून साल गुलाबीच असते. सुपात घेऊन बोटांनी दाणे सरकवत बसणाऱ्या बायका नेमकं हेच विष घरातून काढत होत्या.

मग अडवायचं कुठं?

विष बनण्याआधी. उभ्या मक्याला दाणे भरताना पाण्याचा ताण पडला आणि अळीनं कणीस कोरलं तर बुरशी शेतातच शिरते, म्हणून शक्य असेल तर तेव्हाचं एक पाणी चुकवू नये. कापणीनंतर मात्र सगळी शर्यत वाळवणाची. मका १२-१३ टक्के ओलाव्यापर्यंत यावा, शेंगदाणा ८ टक्क्यांपर्यंत. ओला माल रात्रभर ढिगात झाकून ठेवला की आत ऊब धरते आणि बुरशीला तेवढंच हवं असतं. पोती जमिनीवर नकोत, फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर.

ओलावा मोजायचं यंत्र घरी नसतं, म्हणून मी आत्याला बरणीची युक्ती दाखवली. कोरडी काचेची बरणी, दोन-तीन चमचे कोरडं मीठ, तिसरा हिस्सा भरेल इतका मका. झाकण लावून चांगलं हलवायचं आणि पाव तास ठेवायचं. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर.

तिनं बरणी उन्हात धरली. आतून काच धुरकट पांढरी झाली होती. आदल्या आठवड्यात भरलेल्या सहा पोत्यांकडे तिनं पाहिलं, आतेभावाला हाक मारली, "अरे, ही सोड. परत पसर." मग गाईचं टोपलं उचललं, त्यातले खुडलेले दाणे परसात खड्डा करून पुरले आणि हात धुता धुता थांबली.

"आणि मुरघास? त्याच्या कडेला पण हिरवं दिसलं होतं."

"किती दिवस झाले?"

"चार-पाच. काल कडेचं काढून बाकीचं घातलं गाईला."

आम्ही दोघी तशाच ओल्या हातांनी गोठ्याकडे निघालो.